चारही उत्तरं बरोबर

पंचावन्न वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला आहे. हाक मारली तर ओ देत नाही. अंग घामाने डबडबलेलं, श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज. बायको सांगते, यांना मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घेतलं आणि जेवायचं राहून गेलं. बोट टोचून साखर पाहिली तर ३८. आता सगळ्यात आधी काय कराल? पर्याय चार : शिरेतून ग्लुकोज देणं, हृदयाचा आलेख काढणं, बायकोकडून औषधांची यादी घेणं किंवा मान मागे करून, हनुवटी उचलून श्वासाची वाट मोकळी करणं.

हुशार विद्यार्थी हटकून ग्लुकोजवर बोट ठेवतो. त्याचं निदान बरोबर, औषध बरोबर आणि उत्तर चूक. ते घोरणं झोपेतलं नसतं. जीभ मागे पडून घसा अर्धा बंद झालेला असतो, त्याचा तो आवाज. शीर सापडून, सुई बसून, औषध आत जाईपर्यंत काही मिनिटं जातात आणि तोवर मेंदूला प्राणवायू कमी पडत राहतो. हनुवटी उचलायला लागतात दोन सेकंद. बाकीच्या तीन गोष्टीही करायच्याच आहेत, म्हणजे चारही पर्याय खरे. तरीही गुण मिळतो तो एकालाच.

अमेरिकेत पॅरामेडिक होऊ पाहणाऱ्यांना ज्या परीक्षेची धास्ती असते, तिचा जीव अशा प्रश्नांत आहे. वर दिलेला नमुना इथे समजण्यापुरता रचलेला. पण जात तीच. ‘पॅरामेडिक’ या शब्दाचा थोडा खुलासा हवा. आपल्याकडे बारावीनंतरच्या जाहिरातींत ‘पॅरामेडिकल कोर्स’ म्हटलं की लॅब टेक्निशियनपासून एक्स-रे काढणाऱ्यापर्यंत सगळे एकाच पिशवीत येतात. अमेरिकेत पॅरामेडिक म्हणजे रुग्णवाहिकेवरचा सर्वांत वरच्या पातळीचा प्रशिक्षित माणूस. तो डॉक्टर नसतो. पण श्वासनलिकेत नळी घालणं, हृदयाला विजेचा झटका देणं, जोखमीची औषधं शिरेतून देणं ही कामं तो रस्त्यावर, कुणाच्या तरी जिन्यात, कधी उलटलेल्या गाडीत वाकून करतो. त्यासाठी हजाराहून अधिक तासांचं प्रशिक्षण आणि मग ‘नॅशनल रजिस्ट्री’ची परीक्षा. बहुतेक राज्यं ही परीक्षा पास झाल्याशिवाय पहिला परवाना देत नाहीत.

मराठी मुलाने ही परीक्षा पाहिली तर तो आधी तिच्या आकारानेच चक्रावेल. प्रश्न संगणकावर, एका वेळी एकच. उत्तर दिलं की मागे जाता येत नाही. बरोबर आलं तर पुढचा प्रश्न जरा अवघड, चुकलं तर जरा सोपा. हा माणूस पात्रतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची संगणकाला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा तिथेच थांबते. २००७मध्ये ही पद्धत आली. तेव्हापासून पॅरामेडिकच्या पेपरात कमीत कमी ८० आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न असत. २०२४च्या जुलैपासून किमान संख्या ११० झाली आणि वेळ साडेतीन तास. पडदा अचानक काळा होतो आणि बाहेर आलेल्याला कळत नाही, आपला पेपर उत्तम गेला की अगदीच वाईट. दोन्ही टोकांना परीक्षा लवकरच संपते. पेपर अवघड वाटत राहिला तर ते चांगलं लक्षण, हे तर आपल्या सगळ्या परीक्षा-संस्कारांच्या उलटं.

‘२१ अपेक्षित’वर वाढलेल्या पिढ्यांना इथे धरायला काठीच नाही. शेजारच्या खुर्चीवरच्याला वेगळे प्रश्न येतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा पेपर मिळवून उपयोग नाही. एखादा धडा ऑप्शनला टाकण्याची सोयही नाही, कारण प्रत्येक विभागातून किती प्रश्न यायचे याचं प्रमाण ठरलेलं असतं. बाळंतपण नको वाटतं, लहान मुलं नको वाटतात म्हणून सोडून द्यावं, तर जुन्या आराखड्यात साधारण १५ टक्के प्रश्न लहान मुलांवरचेच होते.

मग इथे पाठांतर नसतंच का? भरपूर असतं. हृदय बंद पडलं असेल तर ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, ६पेक्षा जास्त नको. रोग्याची माहिती काढायला ‘सॅम्पल’ : लक्षणं, ॲलर्जी, औषधं, पूर्वीचे आजार, शेवटचं खाणंपिणं, हे घडलं कसं. यांच्या चिठ्ठ्या करून फ्रिजवर, आरशावर चिकटवणारे विद्यार्थी तिथेही आहेत. पण घोकलेली गोष्ट हाताशी येते ती एका रूपात आणि गाडीत समोर येते दुसऱ्याच.

ॲड्रेनलिनचंच घ्या. परीक्षेत डोस मिलिग्रॅममध्ये विचारतात, हातातल्या सिरिंजवर खुणा मिलिलिटरच्या. हे औषध दोन तीव्रतांत मिळतं, एकास हजार आणि एकास दहा हजार. समजा, दहा किलो वजनाच्या मुलाचं हृदय थांबलं आहे. किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम द्यायचं. पातळ द्रावणातून ते बरोबर एक मिलिलिटर होतं. तोच एक मिलिलिटर घट्ट द्रावणातून भरला तर दहापट डोस गेला. विद्यार्थ्याला सूत्र येत असतं, वजनही माहीत असतं. शून्य कुठे सरकलं ते रात्री तीन वाजता, मुलाची आई ओरडत असताना दिसत नाही. गुणोत्तराच्या या भाषेने इतका घोळ घातला की अमेरिकेने २०१६पासून या औषधाच्या लेबलवरून ती काढायला लावली आणि सरळ ‘मिलिलिटरमागे इतके मिलिग्रॅम’ असं लिहायला सांगितलं. माणसाला आणखी घोकायला लावण्यापेक्षा बाटलीवरचं लिखाण बदलणं जास्त शहाणपणाचं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

पाठांतराचा दुसरा तमाशा प्रात्यक्षिकाच्या खोलीत चाले. उमेदवार दारातून आत येतो, हातमोजे घातलेले दोन्ही हात वर करतो आणि खोलीतल्या बाहुलीकडे पाहण्याच्याही आधी म्हणतो, “ग्लोव्हज घातलेत, सीन सेफ आहे.” परीक्षकाच्या तक्त्यावर ही दोन वाक्यं अशा रकान्यात होती की ती राहिली तर बाकी सगळं उत्तम करूनही नापास. जागा सुरक्षित आहे का, हे पाहणं आयुष्य वाचवणारी सवय आहे. गॅस गळत असेल, विजेची तार पडली असेल, तर पहिला बळी मदतीला गेलेलाच जातो. पण शिकवण्यांनी त्या सवयीचा मंत्र केला. पूजेच्या आधी आचमन करावं तसं उमेदवार ते उच्चारत आणि खोलीत खरोखर काय ठेवलंय याकडे बघतही नसत. २०२४मध्ये नॅशनल रजिस्ट्रीने पॅरामेडिकची ही स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षाच बंद केली. हाताचं कौशल्य प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने वर्षभर पाहून नोंदवायचं आणि ‘आता पुढे काय’ हा निर्णय संगणकावरच्या परीक्षेत तपासायचा, अशी नवी वाटणी झाली. घटना टप्प्याटप्प्याने उलगडत जाते, पायऱ्या क्रमाने लावायच्या असतात, अशा तऱ्हेचे प्रश्न आले.

या बदलावर कुरकुर करायला जागा आहे. रक्ताने निसरड्या झालेल्या हातातून नळी सुटते, तेव्हा कामाला येतं ते माउसवर क्लिक करणारं बोट नव्हे. तरीही दिशा बरोबर वाटते. दहा मिनिटांच्या नाटकात तपासता येते ती पाठ केलेली संहिता. कौशल्य शंभर वेळा पाहावं लागतं आणि शंभर वेळा पाहू शकतो तो शिकवणारा.

ही परीक्षा मुळात आली कुठून, ते पाहिलं की तिचं मोल कळतं आणि तिची भीतीही. १९६६मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. १९६५ या एका वर्षात १,०७,००० माणसं अपघातांत गेली होती. रुग्णवाहिकांची स्थिती काय होती? जवळपास निम्मी सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत. कारण साधं : आडवा माणूस मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे. जिवंत पोचलात तर दवाखाना, नाही तर पुढचं कामही त्याच गाडीत. गाडीवरच्या माणसाला काय आलं पाहिजे, याचा देशभर एक नियम नव्हता. १९७०मध्ये नॅशनल रजिस्ट्री उभी राहिली आणि १९७१मध्ये पहिली परीक्षा झाली. ५१ केंद्रांवर १,५२० जण बसले.

त्याच सुमाराला पिट्सबर्गमध्ये परीक्षेवाचून एक गोष्ट सिद्ध झाली होती. त्या शहरात रुग्ण नेण्याचं काम पोलिसांच्या बंद गाड्या करत. १९६६च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भाषण करताना कोसळले. पोलिसांच्या गाडीतून त्यांना नेलं, पण मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ते वाचले नाहीत. तोंडाने श्वास देण्याच्या तंत्राचे जनक मानले जाणारे भूलतज्ज्ञ पीटर साफर याच शहरात होते आणि त्याच वर्षी त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. १९६७मध्ये ‘फ्रीडम हाउस’ नावाच्या संस्थेबरोबर त्यांनी हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीतली माणसं घेतली. बरेचसे बेकार, कुणी युद्धावरून परतलेले, काहींचं शिक्षण अर्धवट सुटलेलं. त्यांना सुमारे ३०० तास शिकवलं. काही वर्षांतच ही माणसं त्या काळातल्या इतर रुग्णवाहिकांनी ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे उपचार रस्त्यावर करू लागली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन त्यांच्या वैद्यकीय संचालक झाल्या. फ्रीडम हाउसच्या गाड्यांवर घासून-पुसून तयार झालेल्या अभ्यासक्रमावर देशभरच्या पॅरामेडिक शिक्षणाचा पाया रचला गेला.

पण १९७५मध्ये शहराने ही सेवा बंद करून स्वतःची सुरू केली. फ्रीडम हाउसच्या लोकांना सामावून घ्यायचं वचन होतं. घेतलं, आणि मग त्यांच्यापुढे परीक्षा ठेवल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं माणसं वाचवली होती, त्यांना न शिकवलेल्या गोष्टी विचारल्या. जुन्या गुन्ह्यांची नोंद असलेल्यांना काढलं. काहींना रुग्णाला हात न लावण्याच्या कामांवर बसवलं आणि अनुभवाने खूप कमी असलेले गोरे त्यांच्या वर नेमले. जॉन मून यांच्यासारखे मोजके टिकले. ते पुढे त्याच सेवेत असिस्टंट चीफ झाले. केविन हॅझार्ड यांच्या ‘अमेरिकन सायरन्स’ या २०२२च्या पुस्तकात ही सगळी हकीकत आहे.

म्हणजे परीक्षा हे दार आहे तसं कुलूपही. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसाला समाज ज्या भरवशावर आपली श्वासनलिका सोपवतो, तो भरवसा तिनेच उभा केला. आणि नको असलेल्या माणसाला सभ्यपणे बाहेर काढायलाही तीच वापरली गेली. फरक ठरतो तो प्रश्न कुठल्या कामातून काढले आहेत यावर. गाडीवरच्या कामातून काढले तर परीक्षा न्याय करते. चाळणी लावायची म्हणून काढले तर करत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळंच उत्तर दिलं गेलं, आणि ते ‘परीक्षाच नको’ असं आहे. २०१४च्या जानेवारीत राज्यात १०८ सेवा सुरू झाली. त्या वेळच्या योजनेत एकूण ९३७ गाड्या : २३३ अद्ययावत जीवरक्षक, ७०४ मूलभूत. आंध्र प्रदेशात २००५मध्ये सुरू झालेल्या १०८पासून बहुतेक राज्यांनी गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवला. महाराष्ट्राने डॉक्टर बसवला. तो सहसा आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर असतो आणि सोबत चालक, ज्याला या सेवेत ऐटीत ‘पायलट’ म्हणतात. गाडी दारात आली आणि ‘डॉक्टर आलेत’ असं कुणी म्हटलं की घरातला आकांत निम्मा ओसरतो, हे मान्यच करायला हवं. फ्रान्स आणि जर्मनीतही डॉक्टर गाडीतून रुग्णाकडे जातात. तेव्हा हा विचार मुळात वेडगळ नाही. मात्र तिकडे जाणारा डॉक्टर आणीबाणीच्या उपचारांत खास शिकलेला असतो.

आपल्याकडे त्या पदवीत काय असतं? नाडी, प्रकृती, औषधशास्त्र, प्रसूती, बरंच काही. धावत्या गाडीत कसारा घाटाच्या वळणावर नळी कशी घालायची, हे त्यात नसतं. ते नेमणुकीनंतरच्या प्रशिक्षणात शिकायचं. त्यातले अनेक जण ते जीव ओतून शिकतात आणि उत्तम काम करतात. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार आपल्या सवयीची आहे. आपण पदवीवर विश्वास टाकतो आणि मग ती खातरजमा आयुष्यभर पुरवतो. नॅशनल रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपतं. पुन्हा शिकल्याचं दाखवा, नाही तर नाव कमी. आपल्या घरातल्या भिंतीवर लटकलेल्या कुठल्या प्रमाणपत्रावर अशी तारीख असते?

या सवयीची किंमत आणखी एका माणसाला मोजावी लागते. बारावी झालेली, चपळ, गावातल्या प्रत्येक वस्तीची वाट माहीत असलेली मुलगी किंवा मुलगा. फ्रीडम हाउसच्या माणसांना पदवी नव्हती. त्यांच्याकडे ३०० तासांचं कडक शिक्षण होतं आणि आपल्या गल्लीबद्दलची आच होती. असा मुलगा आज महाराष्ट्रातल्या १०८वर चढला तर पायलट म्हणून, रुग्णाशेजारच्या बाकावर नाही. ज्या राज्यात तालुक्याच्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहतात, त्या राज्याने रुग्णवाहिकेवर डॉक्टरच हवा असा हट्ट धरावा, ही चैन आहे.

२०२१मध्ये केंद्राने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेतले तंत्रज्ञही आहेत आणि एकसमान एक्झिट किंवा परवाना परीक्षेची तरतूदही आहे. म्हणजे कधी ना कधी आपल्याकडेही कुणीतरी बसून प्रश्न काढणार. धोका तिथेच आहे. अमेरिकन पुस्तक समोर ठेवून चार पर्यायांचे प्रश्न उतरवणं सर्वांत सोपं. मग नाशिकचा मुलगा रॅटलस्नेकच्या दंशावर घोकत बसेल आणि त्याच्या तालुक्यातली बाई मण्यारीने जाईल.

मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला. दंश बहुधा दुखत नाही, सूज जवळजवळ येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, सकाळी पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल. ही ‘केस’ ज्याला सुचली पाहिजे तो रुग्णवाहिकेतला माणूस. आणि सुचल्यावर त्याने आधी श्वास सांभाळला पाहिजे, जखम कापत किंवा दोरी आवळत बसता कामा नये. कीटकनाशकाच्या विषबाधेचंही तेच. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात जाऊन शेतकरी आणि मजूर दगावले. तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, कपडे औषधाने भिजलेले. इथे ‘सीन सेफ’ म्हणजे आधी स्वतः हातमोजे घालून ते कपडे उतरवणं, नाही तर गाडीतले दोघेही लोळतील. लाल विंचवाच्या विषाने कोकणात माणसं मरत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन देऊन ती वाचवून दाखवली आणि ते जगापुढे मांडलं. ते ज्ञान आपल्याच मातीतलं आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न असायला काय हरकत आहे?

आणि भाषा. ‘सॅम्पल’ घोकलेल्या तंत्रज्ञाला माहिती सांगणारी म्हातारी इंग्रजीत सांगणार नाही. ती म्हणेल, जीव घाबरा होतोय. छातीत भरून आल्यासारखं झालंय. हाताला मुंग्या येतायत. पोराला आकडी आली. धाप लागणं आणि दम कोंडणं यांत ती फरक करते आणि तो फरक उपचारात कामाचा असतो. पुस्तकातल्या ‘चेस्ट पेन’वर दहा प्रश्न बरोबर सोडवलेला मुलगा इथे अडतो, कारण ते शब्द त्याने घरी ऐकले, वर्गात कधीच नाही.

तेव्हा आयोगाला आणि राज्याच्या परिषदेला एवढंच सांगणं आहे : ही परीक्षा काढाल तेव्हा ती मराठीतून देता यावी आणि तिचे प्रश्न १०८च्या गाडीवर दहा वर्षं घालवलेल्यांना सोबत बसवून काढावेत. पहिला प्रश्न तर तयारच आहे. अट्ठावन्न वर्षांचा शेतकरी बाजेवर बसलाय, कपाळावर घाम, डावा हात चोळतोय. म्हणतो, “काही नाही हो, गॅस झालाय, सोडा दिला की बरं वाटेल.” आधी काय कराल?